पाईपमधला फिल्टर आणि वहिनींची अट

पत्राचा सारांश : पत्रलेखक ५८ वर्षांचे, कोल्हापूरच्या शाहूपुरीत त्यांचं दुकान आहे. २५ वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढल्यावर त्यांनी त्या सोडल्या, दोन वर्षं काहीच ओढलं नाही. गेल्या दिवाळीत मुलाने जर्मनीहून ब्रायर लाकडाचा, बाकदार दांड्याचा पाईप आणि ९ मिमी फिल्टरचं पाकीट आणलं. तेव्हापासून रोज संध्याकाळी एक पाईप ओढला जातो. फिल्टर संपले, म्हणून आता ते तसाच ओढतात; पण जीभ पोळते, नळीत पाणी गुडगुडतं आणि मधूनच कडूजहर घोट तोंडात येतो. सिगारेटचा फिल्टर कापून घालून पाहिला, काही फरक पडला नाही. एका मित्राचं म्हणणं, "फिल्टर लावून पाईप ओढणं म्हंजे तांबड्या रश्श्यात पाणी वतणं." त्यानेच थोडी निपाणीची तंबाखू मिसळून बघ, असंही सुचवलंय. पत्नीची अट नेमकी उलटी : फिल्टर असेल तरच घरात पाईप, नाहीतर बंद. घरात चार वर्षांचा नातू आहे. फिल्टर वापरावा का, कोणता, आणि घरात काय सांगावं, असं त्यांनी विचारलंय.

नमस्कार,

तुमच्या पाईपपुरतं उत्तर एका ओळीत देता येतं. तो ९ मिमी फिल्टरसाठी कोरलेला आहे, तेव्हा त्यात एकतर फिल्टर घाला किंवा त्या जागेत बसणारा पोकळ तुकडा, म्हणजे ॲडॅप्टर, घाला. मोकळा ओढू नका. पण तुमच्या पत्रात तीन माणसं फिल्टरबद्दल तीन वेगळ्या गोष्टी गृहीत धरून बोलताहेत, त्यामुळे एका ओळीवर सोडून देता येत नाही.

आधी पाण्याचं बघू, कारण तुमची खरी तक्रार तीच आहे. पाईपमध्ये पाणी येतं कुठून? थोडं तंबाखूतच असतं, कारण पाईपची तंबाखू बहुधा ओलसरच विकली जाते. थोडं जळण्यातून तयार होतं. पानातल्या हायड्रोजनचं जळून पाणीच होतं, म्हणजे तंबाखू कितीही वाळवली तरी वाफ निघणारच. आणि थोडी आपली लाळ. ही वाफ वाटीच्या, म्हणजे तंबाखू भरतात त्या भागाच्या, तळाच्या भोकातून निघते. ते भोक साधारण साडेतीन-चार मिमीचं असतं. साध्या पाईपमध्ये धूर तेवढ्याच वाटेने थेट तोंडापर्यंत येतो. तुमच्या पाईपमध्ये मात्र चार मिमीच्या गल्लीतून निघालेला धूर एकदम ९ मिमीच्या मोकळ्या खोलीत शिरतो. तिथे तो पसरतो, मंदावतो, गार भिंतींवर आपटतो आणि अंगातलं पाणी तिथेच टाकतो. दांडा बाकदार असल्यामुळे ते पाणी परत वाटीकडे ओघळत नाही, सांध्याजवळच्या खळग्यात साचतं. मग पुढच्या झुरक्याला त्यातून हवा बुडबुडत येते आणि पाईपची गुडगुडी होते. कडू घोट म्हणजे हेच पाणी, निकोटीन आणि डांबर विरघळलेलं. म्हणजे दोष तुमच्या ओढण्याचा थोडा आणि रिकाम्या खोलीचा जास्त.

सिगारेटचा फिल्टर का चालला नाही, तेही यातच आलं. सिगारेटचा व्यास साधारण ८ मिमी असतो. तो ९ मिमीच्या भोकात सैल बसतो, धूर बाजूने निघून जातो. शिवाय तो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारच्या प्लॅस्टिकच्या तंतूंचा असतो. पाईपमधलं इतकं पाणी पेलायला तो केलेलाच नाही. भिजला की बसतो आणि पाईप चोंदतो. तो प्रयोग पुन्हा करू नका. कापूस, टिश्यू पेपर, स्पंजचा तुकडा यांच्याही वाटेला जाऊ नका. त्यांचे तंतू सुटून धुराबरोबर घशात जातात.

आता मित्राचं. पाणी वतण्याचा दाखला कोल्हापुरात कुणालाही लगेच पटेल, आणि त्यात थोडं तथ्यही आहे. कोळशाचा फिल्टर वासाचा वरचा थर खातो. हलक्या व्हर्जिनिया तंबाखूचा गोडसर वास त्यातून बोथट होऊन येतो, धूर पातळ वाटतो. पण 'खरा पाईपवाला फिल्टर लावत नाही' हा नियम कुठल्या गावचा, ते त्यांना विचारा. जर्मनीत ९ मिमी फिल्टरचा पाईप हीच रूढ गोष्ट आहे, तिथले कारागीर त्याच मापाने कोरतात. ब्रिटनमध्ये आणि डेन्मार्कमध्ये बहुतेक लोक बिनफिल्टरचे ओढतात आणि तिथले पाईप तसे कोरलेले असतात. त्यात मर्दुमकीचा काही संबंध नाही, भोकाच्या मापाचा आहे. आपल्याकडे चिलमीला ओली छापी गुंडाळतात, आत खडा टाकतात. ती राख आणि डांबर अडवण्याचीच सोय. छापी लावली म्हणून कुणी चिलीमवाल्याला कच्चा म्हटल्याचं ऐकिवात नाही.

निपाणीच्या तंबाखूचं मात्र मित्राचं ऐकू नका. तो माल विडीसाठी पिकवलेला आणि उन्हात वाळवलेला, निकोटीनला कडक आणि बारीक चुऱ्याचा असतो. विडीत तो थोडासाच जातो. पाईपच्या वाटीत, जिचा आतला व्यास १८ ते २० मिमी असतो, २ ते ३ ग्रॅम तंबाखू बसते. इतका चुरा एकदम पेटला की गरम जळतो, तळाचं भोक बुजवतो आणि फिल्टर असला तर त्याच्या तोंडावर थर धरतो. उचकी, मळमळ आणि कपाळावर घाम, ही निकोटीन जास्त झाल्याची खूण. चिमूटभर मिसळूनही ती येऊ शकते.

फिल्टर कोणता, यात खरं तर तुम्हाला फार निवड नाही, कारण माप ठरलेलं आहे. ६ मिमीचे फिल्टर तुमच्या पाईपमध्ये सैल पडतील. ९ मिमीमध्ये मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला सक्रिय कोळशाचा : कागदी नळीत कोळशाचे दाणे आणि टोकांना टोप्या. हा पाणी शोषतो, डांबराचा काही भाग आणि काही वायुरूप द्रव्यं धरतो, चवीवर सगळ्यात जास्त परिणामही हाच करतो. काहींची एक टोपी सिरॅमिकची आणि दुसरी प्लॅस्टिकची असते. अशात सिरॅमिकचं टोक वाटीकडे ठेवायचं, कारण गरम धूर आधी तिथे लागतो. उलटा बसवला तर प्लॅस्टिक तापतं. दुसरा मीरशॉमच्या दाण्यांचा. मीरशॉम म्हणजे तुर्कस्तानात एस्किशेहिरजवळ निघणारं पांढरं सच्छिद्र खनिज. पाईपही त्याचे कोरतात. हा पाणी चांगलं पितो आणि चवीला कोळशापेक्षा मवाळ वागतो. तिसरा बाल्सा लाकडाचा, साव्हिनेल्ली या इटालियन पाईपवाल्यांनी रूढ केलेला. ही तिधारी काडी असते, धूर तिच्या आरपार न जाता कडेने जातो. त्यामुळे ओढायला मोकळा, चव जवळजवळ शाबूत, पाणी मात्र टिपलं जातं. मित्राला रश्शाची काळजी असेल तर त्याचं समाधान बाल्साने होईल. जिभेची तक्रार आहे तोवर तुम्ही कोळसा किंवा मीरशॉम वापरून पाहा.

ॲडॅप्टर म्हणजे फिल्टरच्याच आकाराची नळी, आतून तीन-चार मिमीची वाट ठेवणारी. ती घातली की मोकळी खोली भरून निघते आणि पाईप साध्या पाईपसारखा वागतो. फिल्टर संपले असतील त्या दिवसांसाठी एक जवळ असावी.

एक फिल्टर किती वेळा? एका पाईपला एक. दोन-तीनदा वापरणारे बरेच आहेत, पण भिजलेला कोळसा नवं काही धरत नाही आणि रात्रभर दांड्यात राहिलेला ओला फिल्टर लाकडाला आंबट वास लावतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेतच इतकं पाणी असतं की उघड्या पाकिटातला कोळसा वापरण्याआधीच ओलावतो, आणि कोळसा शेजारचे वासही धरतो. तेव्हा फिल्टर घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवा. मसाल्याच्या फळीवर नको, नाहीतर पाईपला कांदा-लसूण चटणीचा वास येईल.

बदलताना एक चूक हमखास होते. पाईप विझला की लगेच नळी, म्हणजे तोंडात धरायचा भाग, उपसून फिल्टर काढायचा मोह होतो. गरम असताना दांड्याचं लाकूड फुगलेलं आणि ओलसर असतं, नळीचं टोकही तापून मऊ असतं. ओढाताणीत टोक सैल होतं किंवा दांड्याला तडा जातो. पाईप पूर्ण गार होऊ द्या, अर्धा-पाऊण तास. मग दांडा एका हातात धरून (वाटी नव्हे) नळी घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवत काढा, बसवतानाही त्याच दिशेने. पावसाळ्यात नळी अडकली तर जोर करू नका. एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवा, आणि सुटल्यावर टोकावर शिसपेन्सिल घासून बसवा. ग्राफाईटने ते घसरतं.

जिभेचं पोळणं फिल्टरने कमी होईल, जाणार नाही. त्याचं मूळ बहुतेकदा ओली तंबाखू आणि घाईचे झुरके. २५ वर्षांच्या सिगारेटच्या सवयीने तुम्ही झुरका लांब आणि जोरात घेत असणार. पाईपला तो मानवत नाही. जोराने हवा ओढली की निखारा भडकतो, वाफ वाढते आणि ती वाफच जीभ पोळते. गरम चहा ओठाच्या टोकाने चाखतो तितकाच झुरका पुरे. वाटी गालाला टेकवून पाहा; चटका बसला तर पाईप खाली ठेवा. विझला तर विझू द्या. मध्ये तीन-चारदा पुन्हा पेटवावा लागणं यात लाजण्यासारखं काही नाही.

भरण्याआधी तंबाखू कागदावर पसरा. उन्हाळ्यात अर्धा तास पुरतो, मे महिन्यात कदाचित तेवढाही नको. पावसाळ्यात मात्र ती वाळण्याऐवजी आणखी ओल धरते, तेव्हा टेबललॅम्पच्या साध्या बल्बखाली वीतभर अंतरावर ठेवा. तव्यावर किंवा गॅसजवळ नेऊ नका. चिमटीत दाबून सोडा. गोळा तसाच राहिला तर ओली आहे, भुगा झाला तर फार कोरडी, हळूहळू उलगडली तर भरायला तयार. गोड वासाच्या मिश्रणांत प्रॉपिलीन ग्लायकॉल असतं, ते ओल धरून ठेवतं. अशी तंबाखू तासभर ठेवूनही चिकटच लागते आणि जिभेवर तीच जास्त चिडते. तुमचा डबा व्हॅनिला-चेरीचा असेल तर फिल्टरआधी तंबाखू बदलून पाहा.

भरायची तीन थरांत : खालचा थर नुसता सोडायचा, मधला हलकेच दाबायचा, वरचा जरा घट्ट. पेटवण्यापूर्वी ओढून बघा. स्ट्रॉने ताक पिताना जितका जोर लागतो तितका हवा. लस्सीइतका लागला तर ओतून पुन्हा भरा. फिल्टर स्वतःच हवेला थोडा अडवतो, म्हणून फिल्टरच्या पाईपमध्ये तंबाखू नेहमीपेक्षा सैल भरावी लागते. नव्या माणसाला फिल्टर 'जड' वाटतो तो बहुतेक याच कारणाने. पहिली काडी वरचा थर फुलवण्यापुरती. तो दट्ट्याने अलगद बसवून मग दुसरी.

एवढं करून गुडगुड आलीच तर ॲडॅप्टर असताना पाईप क्लीनर नळीतून आत सरकवा, क्षणभर ठेवा, काढा. फिल्टर असताना ते जमत नाही, तेव्हा पाईप थोडा वेळ नळी वर करून ठेवा. पाईप क्लीनर म्हणून स्टेशनरीच्या दुकानात रंगीबेरंगी केसाळ तारा मिळतात, शाळेच्या हस्तकलेच्या. त्या घेऊ नका. त्यांचा लव पॉलिस्टरचा असतो, पाणी टिपत नाही, रंग आणि तंतू सोडतो. पाईपसाठीचा सुती असतो. आठवड्यातून एकदा फिल्टरची खोली कान साफ करायच्या कापूसकाडीने पुसा, तिथे चुरा साचतो. एकच पाईप रोज ओढाल तर लाकूड कधीच वाळणार नाही, दमट दिवसांत बुरशीही धरेल. एकाआड एक दिवस द्या. त्यातून तुमची तंबाखूही निम्मी होते.

आता वहिनींची अट. त्यांचा हेतू स्वच्छ आहे, पण अट ज्या समजुतीवर उभी आहे ती टिकत नाही. फिल्टर बसतो वाटी आणि तुमचं तोंड यांच्या मध्ये. वाटीच्या तोंडातून जो धूर सरळ वर जातो, खोलीत पसरतो, पडद्यात मुरतो, तो कुठल्याच फिल्टरमधून जात नाही. वहिनी आणि नातू श्वासात घेतात तो बराचसा हाच. म्हणजे ज्यांच्यासाठी फिल्टर मागितलाय त्यांना त्याचा उपयोगच नाही. 'फिल्टर असेल तर घरात' याऐवजी 'घरात नाहीच' ही अट ठेवली तर तिला अर्थ येईल. गच्ची चालेल, दारं बंद करून. दुकानात नको. ते सार्वजनिक ठिकाण आहे, २ ऑक्टोबर २००८ पासून तिथे धूम्रपानाला बंदी आहे आणि २०० रुपयांपर्यंत दंड आहे.

आणि तुमच्यासाठी तरी फिल्टर ढाल आहे का? नाही. कोळसा काही वायू धरतो, पण कार्बन मोनॉक्साईड त्याच्या हाताला लागत नाही. डांबराचा काही भाग अडतो, उरलेला तोंडात येतो. पाईपमुळे ओठ, तोंड, घसा, अन्ननलिका आणि फुप्फुस यांचे कर्करोग होतात. फिल्टरने ते टळतात असं म्हणायला आधार नाही. फिल्टर या शब्दावर माणूस फार लवकर विसंबतो. अमेरिकेत केंट सिगारेटचा फिल्टर आरोग्यरक्षक म्हणून गाजवला गेला. १९५२ ते १९५६ या काळात त्यात ॲस्बेस्टॉस होतं. हुक्क्यातल्या पाण्यावरही लोकांची अशीच श्रद्धा असते, आणि तीही अशीच पोकळ आहे.

पत्रात तुम्ही एक गोष्ट लिहिलेली नाही, ती फिल्टरपेक्षा मोठी आहे. तुम्ही धूर छातीत घेता का? पाईपचा धूर तोंडात खेळवून सोडायचा असतो. बऱ्याच पाईप-तंबाखूंचा धूर अल्कधर्मी असतो, त्यामुळे निकोटीन गालाच्या आतल्या त्वचेतूनच रक्तात जातं. सिगारेटवरून पाईपवर आलेली माणसं मात्र जुन्या सवयीने तो आत घेतात, नकळत. तसं होत असेल तर फुप्फुसाच्या हिशोबात तुम्ही सिगारेटवरच परत आला आहात, आणि तो धूर काही सौम्य नाही. एका संध्याकाळी मुद्दाम लक्ष ठेवा. झुरक्यानंतर नाकाने श्वास घेण्याआधी धूर बाहेर गेला का? दहांतल्या तीन-चार वेळाही तो आत जात असेल तर फिल्टर कोणता हा प्रश्न बाजूला ठेवा आणि पाईपही ठेवा.

दोन वर्षं तुम्ही काहीच न ओढता काढलीत. हे काम अवघड होतं आणि तुम्हाला जमलं होतं. पाईप हा छंद आहे, कला आहे, जुन्या लाकडाचा रंग चढत जातो, सगळं खरं. पण शरीराला कळतं ते इतकंच की निकोटीन परत आलं. सकाळी दुकान उघडतानाच संध्याकाळच्या पाईपची आठवण येते का, एखादा दिवस चुकला तर चिडचिड होते का, हे स्वतःशी तपासा. उत्तर 'हो' असेल तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाईनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक लिहून ठेवा, तो विनाशुल्क आहे. ओढायचं ठरवलंत तरी महिन्यातून एकदा आरशासमोर ओठ, गाल आणि जिभेच्या कडा बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला फोड, नळी टेकते तिथे ओठावर खरखर, यातलं काही दिसलं तर सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयात किंवा तुमच्या दंतवैद्याला दाखवा. जीभ पोळल्याची सवय झाली की खरा फोडही 'पाईपचंच असेल' म्हणून अंगावर काढला जातो.

मग घरात काय सांगायचं? आहे ते सांगा. 'फिल्टर घालतो, कारण पाईप त्याशिवाय नीट चालत नाही. त्याने तुला किंवा पोराला काही फायदा नाही, म्हणून घरात ओढणार नाही. आणि आठवड्यात किती ओढतो ते कॅलेंडरवर लिहीन.' शेवटचं वाक्य वहिनींना सगळ्यात जास्त आवडेल, आणि तुम्हाला सगळ्यात जास्त जड जाईल.

वापरलेला फिल्टर कपाटाच्या कडेला किंवा रक्षापात्रात ठेवू नका. त्यात निकोटीन मुरलेलं असतं, दिसायला तो छोट्या खडूसारखा असतो आणि चार वर्षांचं पोर तो तोंडात घालतं. गार झाला की कागदात गुंडाळून झाकणाच्या कचरापेटीत टाका. पाईप, तंबाखूचा डबा आणि फिल्टरची बरणी कुलपाच्या कपाटात, वरच्या फळीवर.